विहिरीकाठचे बॅरल

आमच्या विहिरीच्या काठावर दोनशे लिटरचे एक निळे बॅरल अकरा वर्षे एकाच जागी उभे होते. आजोबांच्या काळी मोटेचे पाणी ज्या थारोळ्यात पडत असे, त्याच्या उरलेल्या दगडी फरशीवर ते ठेवलेले होते. ते तिथेच का, असा प्रश्न घरात कोणाला कधी पडला नाही. पिकावर मारायचे औषध कालवायला पाणी लागते, फवारणीचा पंप धुवायला पाणी लागते, काम झाल्यावर हातपाय धुवायलाही पाणीच लागते; मग औषधाचा कारभार विहिरीपाशी नाही तर कुठे करायचा? ते बॅरल तिथून दीडशे फुटांवर हलवायला मला जवळजवळ दीड वर्ष लागले आणि त्या काळात जे करावे लागले, जे चुकले आणि जे अजून जमलेले नाही, ते लिहून ठेवावे असे वाटले.

आमची जमीन करवीर तालुक्यात, भोगावती नदीपासून अर्ध्या मैलावर आहे. सव्वादोन एकर ऊस, दहा गुंठे माळवे, म्हणजे भाजीपाला, आणि खालच्या अंगाला एक ओढा. हा ओढा पावसाळ्यात दुथडी भरतो आणि उन्हाळ्यात डबक्यांपुरता उरतो, पण शेवटी तो भोगावतीलाच मिळतो. भोगावती पुढे प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी आणि तुळशीच्या पाण्यासह पंचगंगा होते, आणि कोल्हापूर शहराला ज्या बालिंगे-शिंगणापूरकडून वर्षानुवर्षे पाणी उचलून दिले गेले, तो पट्टा आमच्या खालच्या बाजूला आहे. हा भूगोल मला शाळेपासून ठाऊक होता. मात्र आमच्या थारोळ्याच्या फरशीवर सांडलेले पाणी या नकाशात कुठेतरी येते, हे डोक्यात शिरायला २०२२ चा जून महिना उजाडावा लागला.

खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर फुटलेल्या उसाला, हुमणी ही मुळे खाणारी अळी लागली होती. आमच्या भागातल्या रूढ मापाप्रमाणे बॅरलला एक लिटर, म्हणजे लिटरला पाच मिली, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक घालून आळवणी करायची होती, म्हणजे ते पाणी उसाच्या बुडाशी ओतायचे होते. मी अर्धे बॅरल पाण्याने भरून औषध ओतले आणि उरलेले भरण्यासाठी मोटरीचा रबरी पाइप पुन्हा आत सोडला. पाइपाचे टोक तळाशी टेकवायचे, ही आमची पद्धत. वरून धार सोडली की फेस येतो आणि बॅरल भरल्यासारखे दिसते, पण भरलेले नसते. बॅरल काठोकाठ आले, तेवढ्यात लाईट गेली. मी बांधावर बसून फोनवर बोलत राहिलो. दहाएक मिनिटांनी परत आलो तर पाण्याची पातळी वीतभराला थोडी कमी, इतकी खाली गेलेली होती. बॅरलला भोक पडले असेल म्हणून मी खाली वाकून फरशी चाचपली, तर ती कोरडी. मग विहिरीत डोकावलो. मोटरीच्या बाजूला पाण्यावर दुधासारखा एक पांढरा पट्टा हळूहळू पसरत होता आणि क्लोरपायरीफॉसचा तो कुजकट, गंधकासारखा वास वरपर्यंत येत होता. मी पाइप ओढून बाहेर काढला.

झाले होते ते अगदी साधे होते. मोटरीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची पाणी परत उतरू न देणारी झडप, गळका होता. रोज सकाळी मोटर उतरलेली असे आणि तिच्यात पाणी ओतून ती भरावी लागे. हे आम्ही दोन वर्षे न कुरकुरता करत होतो. व्हॉल्व्ह घट्ट असता तर लाईट गेल्यावर पाइपातले पाणी जागच्या जागी थांबले असते. तो गळका असल्यामुळे पाणी विहिरीत उतरले आणि जाताना पाइपाचे दुसरे टोक ज्यात बुडालेले होते ते औषधाचे पाणीही मागोमाग ओढून घेऊन गेले. गाडीच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढणाऱ्या कोणालाही हे शास्त्र समजावून सांगावे लागत नाही. पाइप बॅरलच्या तोंडाच्या हातभर वर टांगलेला असता, तर व्हॉल्व्ह कितीही गळका असता तरी त्यात नुसती हवा शिरली असती. मोटर भरण्यासाठी आम्ही जे भांडे वापरत होतो, तो तणनाशकाचा पाच लिटरचा रिकामा कॅन मधून कापून केलेला होता, हेही त्याच दिवशी पहिल्यांदा माझ्या नजरेला टोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीतले मासे, चिलाप्या, पोट वर करून तरंगत होत्या.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला होता. विहिरीचा व्यास वीस फूट, त्या दिवशी पाणीही वीस फूट. म्हणजे सुमारे १ लाख ७८ हजार लिटर. बॅरलमधून गेलेले पाणी अंदाजे ४० लिटर, त्यात औषध २०० मिली. औषध २० टक्क्यांचे, तेव्हा खरे विष साधारण ४० ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. सगळे पाणी सारखे मिसळले असे धरले तरी आमच्या विहिरीत त्याचे प्रमाण सव्वादोनशेच्या घरात गेले होते, मर्यादेच्या सात-साडेसात पट. उलटा हिशेब केला तेव्हा मी जास्त हादरलो. एवढी मोठी विहीर मर्यादेपर्यंत न्यायला या औषधाचे सत्तावीस मिली पुरतात, म्हणजे बाटलीचे एक टोपण. उसात तणासाठी आम्ही जी अ‍ॅट्राझिनची ५० टक्क्यांची पावडर मारतो, तिची मर्यादा लिटरला अवघी २ मायक्रोग्रॅम आहे. तिच्या बाबतीत पाऊण ग्रॅमही लागत नाही. पुडा फोडताना बोटाला चिकटते ती चिमूट तेवढी सहज भरते, आणि ती चिमूट आम्ही इतकी वर्षे विहिरीच्या थारोळ्यावर झटकत आलो होतो.

घरात पिण्याला ग्रामपंचायतीचा नळ आहे, पण म्हशी विहिरीच्या पाण्यावर आहेत आणि शेतात कामाला येणारी माणसेही तेच पितात. शिवाय आमच्या विहिरीपासून दोनशे फुटांवर चुलत्यांची विहीर आहे आणि दोन्हींचा झरा एकच असल्याचे दोन्ही घरे जाणतात, कारण आमची मोटर चालू झाली की त्यांच्या विहिरीचे पाणी उतरते. चुलत्यांना, नानांना, जाऊन सांगणे हा त्या आठवड्यातला सर्वांत अवघड भाग होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आता तू सांगितलंस म्हणून कळलं. ह्याच्या आधी न कळता किती येळा झालं असंल?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. फूट व्हॉल्व्ह दोन वर्षे गळत होता आणि लाईट तर रोजच जाते.

पाणी उपसून ओढ्याला सोडून दे, असा नानांचा सल्ला होता. गावात दहापैकी नऊ जणांनी तोच दिला असता. मी ते पाणी उसातच फिरवले, ओढ्यापासून लांबच्या सऱ्यांत, दोन वेळा विहीर उपसून. क्लोरपायरीफॉस मातीच्या कणांना घट्ट धरून राहते, आणि मातीतले जिवाणू ते हळूहळू फोडतात. ओढ्यात सोडले असते तर चिलाप्यांची पुढची खेप खालच्या गावाला मोजावी लागली असती. पुढे पाणी तपासायला द्यायचे ठरले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आपण नेहमी पाणी तपासतो म्हणतो ती तपासणी क्षार, कठीणपणा आणि जंतूंची असते. तिच्यात कीटकनाशकाचा पत्ता लागत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र असलेली प्रयोगशाळा लागते, नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फाच्या पेटीतून पोचवावा लागतो आणि खर्चही बराच येतो. दोन महिन्यांनी घेतलेला नमुना मर्यादेच्या खाली आला. तोवर म्हशींना आम्ही नळाचे पाणी बादल्यांनी पाजले.

या प्रकरणानंतर मी काही दिवस नुसता विहिरीपाशी बसून पाहत होतो. औषध पाण्यात जाते ते फवारणी करताना वाऱ्याने उडून किंवा पावसाने धुऊन, अशी माझी समजूत होती आणि ती चूक नाही. पण शेतात एका एकरावर जे औषध पसरून पडते ते निदान मातीला, ऊन-वाऱ्याला आणि पिकाला सापडते. विहिरीभोवतीच्या दहा फुटांत जे सांडते ते दाट असते, दगडावर पडते आणि उतार विहिरीकडेच असतो. त्या दहा फुटांत मला काय काय मिळाले ते सांगतो: टोपणे, टोपणाखालच्या चंदेरी कागदाच्या चकत्या, नोझलचे रबर, अर्धी फाटलेली पुडी आणि फरशीच्या सांध्यात साकळलेला एक निळसर थर, जो कोणत्या साली सांडलेल्या कशाचा होता ते सांगता येईना. त्या फरशीच्या भोवती वीतभर पट्ट्यात गवताची काडी नव्हती. आम्ही ती जागा माणसांच्या पायांनी चोपलेली आहे असे समजत होतो.

आणि मोटरीची खोली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा भोगावतीचा फुगवटा आमच्या ओढ्यातून उलटा वर आला. बॅरल वाहून जाऊ नये म्हणून आबांनी ते म्हशीच्या दाव्याने लिंबाला बांधले होते. बॅरल वाचले. खोलीतल्या फळीवरच्या सात-आठ अर्ध्यामुर्ध्या बाटल्या मात्र गेल्या, आणि पूर ओसरल्यावर आम्ही त्यांच्या किमतीचा हिशेब करून हळहळलो. त्या कुठे जाऊन फुटल्या असतील, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले, फक्त बाटल्या कमी होत्या.

त्यामुळे नवी जागा निवडताना पहिली अट पुराची ठेवली. २०२१ च्या पाण्याची खूण आमच्या वरच्या बांधावरच्या बाभळीच्या बुंध्यावर अजून दिसते. तिच्याही वर, विहिरीपासून दीडशे फूट आणि ओढ्यापासून तीनशे फूट लांब, जिथे पावसाचे पाणी वाहत येत नाही अशी एक कोपऱ्यातली जागा निघाली. आबांना ती पटली नाही. "पाणी एकीकडं आन् औषध एकीकडं? दिवसभर बादल्या वाहतोस काय?" त्यांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. एका एकराला दोनशे लिटर पाणी बादलीने नेणे कोणी करत नाही, आणि जे कोणी करत नाही ते दुसऱ्याच आठवड्यात बंद पडते. म्हणून मोटरीपासून तिथवर जुना एक इंची पाइप पुरला, त्याचे तोंड एका खांबाला उंच बांधले आणि खाली दोन बॅरल ठेवली: एक फक्त स्वच्छ पाण्याचे, दुसरे औषधाचे. पाइप स्वच्छ पाण्याच्या बॅरलमध्येही टेकत नाही, हातभर वर राहतो. फूट व्हॉल्व्ह बदलला आणि मोटरीच्या पुढे पाणी मागे न फिरू देणारा आणखी एक व्हॉल्व्ह बसवला. पाइप वर टांगल्यावर फेस येतोच. त्यावर उपाय म्हणजे औषध आधी बादलीत काठीने कालवून मग शेवटी बॅरलमध्ये घालणे. हे इतके सोपे आहे की ते अकरा वर्षे का सुचले नाही याची लाज वाटते.

मग मापाकडे वळलो. आमच्याकडे फवारणी संपल्यावर नेहमी वीस-पंचवीस लिटर औषधाचे पाणी उरत असे आणि ते पाटात किंवा ओढ्याच्या कडेला ओतले जाई. उरत असे याचे कारण आपण नक्की किती पाणी मारतो हे कोणी मोजलेलेच नव्हते. तेहतीस फूट लांब-रुंद चौकोन आखला की तो एक गुंठा होतो. त्यावर नुसते पाणी घेऊन, नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने फवारणी केली आणि पंपात किती पाणी कमी झाले ते मोजले. साडेचार लिटर गेले. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे एकरी एकशे ऐंशी लिटर. आम्ही डोळे झाकून दोनशे करत होतो. हातातला पंप वेगळा असेल, नोझल झिजलेले असेल किंवा फवारणारा माणूस बदलला, तर हा आकडा बदलतो, म्हणून आता हंगामाच्या सुरुवातीला एकदा तरी हा गुंठा मारून पाहतो. शेवटच्या पंपाला जेवढे क्षेत्र उरले असेल तेवढेच कालवायचे. तरी थोडे उरतेच. ते पातळ करून त्याच शेतातल्या शेवटच्या दोन सऱ्यांवर मारायचे.

बाटलीच्या बाबतीत आमची चूक सगळ्यांसारखीच होती: उपडी करून झटकली की ती रिकामी. एक लिटरच्या बाटलीत अशा वेळी अंगाला चिकटून दहाएक मिली राहू शकते, आणि विहिरीच्या हिशेबात दहा मिली म्हणजे काय ते मी वर लिहिले आहे. आता बाटली पंपाच्या तोंडावर अर्धा मिनिट निथळू देतो, पाव बाटली स्वच्छ पाणी भरतो, टोपण लावून अर्धा मिनिट खळखळवतो आणि ते पाणी फवारणीच्याच पाण्यात ओततो. असे तीन वेळा. दर वेळी दहा मिली मागे राहते आणि त्यात अडीचशे मिली पाणी घातले जाते असे धरले, तर एका खळखळण्यात औषध सव्विसाव्या हिश्शावर येते आणि तिसऱ्यांदा ते सतरा हजारांत एक इतके उरते. हे कालवतानाच करायला हवे. संध्याकाळपर्यंत थांबले की औषध आतल्या बाजूने वाळते आणि मग सुटत नाही. यात फुकट काही जात नाही, उलट विकत घेतलेले दहा मिली पिकाला मिळते. आबांना संपूर्ण खटाटोपातली हीच एक गोष्ट लगेच पटली.

राहिला प्रश्न पंप धुण्याचा आणि कालवताना थोडे सांडते त्याचा. माझी भाची पर्यावरणशास्त्र शिकली आहे. तिने सांगितले की स्वीडनमध्ये शेतकरी १९९३ पासून यासाठी जमिनीत एक खड्डा करतात आणि त्यात निम्मा गव्हाचा पेंढा, पाव हिस्सा शेतातली माती आणि पाव हिस्सा पीट नावाची दलदलीतली कुजकी माती असे मिश्रण भरून वर गवत लावतात. पेंढ्यावर पांढरी बुरशी वाढते, ती लाकडातला कठीण भाग कुजवण्यासाठी जी विकरे सोडते त्यांनीच कीटकनाशकांचे रेणूही तुटतात. जे लगेच तुटत नाही ते कुजलेल्या भागाला चिकटून थांबते आणि जिवाणूंना वेळ मिळतो. आपल्याकडे गव्हाचा पेंढाही नाही आणि पीटही नाही, पण उसाचे पाचट, म्हणजे वाळलेला पाला, हवे तेवढे आहे. कडबाकुट्टीवर पाचट बारीक केले आणि घमेल्याच्या मापाने दोन पाचट, एक माती, एक जुने शेणखत असे मिसळून ओलसर ढीग सहा आठवडे झाकून ठेवला. उघडला तेव्हा पाचटाच्या तुकड्यांवर पांढऱ्या तंतूंची जाळी पसरलेली होती. आबांनी मूठभर उचलून हुंगले आणि म्हणाले, "आळंब्याचा वास यायलाय."

आठ फूट बाय सहा फुटांचा खड्डा अडीच फूट खोल खणला, तळाशी शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरला कारण आमच्याकडे पावसाळ्यात पाणी वर येते, त्यावर चार इंच चिकण माती चोपली आणि दोन फूट मिश्रण भरले. वर पंप ठेवण्यासाठी जुनी लोखंडी जाळी आडवी टाकली. गवताचा प्रश्न आला तेव्हा मी हरळी लावली. ज्या हरळीशी आमच्या तीन पिढ्यांनी कुदळ घेऊन वैर केले, ती त्याच घरातला मुलगा हाताने लावतो आहे, हे पाहायला वाडीतली माणसे येऊन गेली.

हे सगळे मार्च-एप्रिल २०२३ मध्ये झाले आणि जूनच्या शेवटी लागलेल्या पावसाने जुलैत त्याचा पार चिखल केला. चूक माझी होती. अठ्ठेचाळीस चौरस फुटांवर एक हजार मिलीमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटर पाणी होते. आमच्या भागात तेवढा सहज पडतो आणि तळाला कागद असल्यामुळे त्याला जायला वाट नव्हती. बुरशीला हवा लागते. पाण्यात बुडालेले मिश्रण काळे पडले, गटारासारखा वास यायला लागला आणि वरचे पाणी काठावरून वाहायच्या बेतात आले. ज्या गोष्टीने पाणी वाचवायचे तिच्यातूनच औषध वाहून जाणार, असे दिसल्यावर मी रातोरात ताडपत्री टाकली, साचलेले पाणी बादल्यांनी काढून उसात ओतले आणि त्या पावसाळ्यापुरते काम बंद केले. दिवाळीनंतर सगळे उपसून नवे मिश्रण भरले, चारी बाजूंनी वीतभर उंच बांध घातला आणि वर जुन्या पत्र्यांचे छप्पर केले. जानेवारी २०२४ पासून ते नीट चालले आहे. पाचट कुजत जाते तसे मिश्रण खाली बसते आणि दर वर्षी वर भर घालावी लागते. पाच-सात वर्षांनी ते सगळे बदलायचे आणि जुने वर्षभर बाजूला कुजवून मग शेतात पसरायचे असते.

हा खड्डा म्हणजे काहीही ओतायची जागा नव्हे, हे घरात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. धुण्याचे आणि सांडलेले पाणी, एवढ्यासाठीच तो आहे. माळव्यावर आम्ही तांब्याचे बुरशीनाशक मारतो. तांबे हा धातू आहे, तो कोणत्याही बुरशीने तुटत नाही, नुसता साठत जातो, म्हणून त्या पंपाचे धुणे शेतातच पिकावर मारून संपवतो. तणनाशकाचा पंप धुतला की जाळीच्या एका कोपऱ्याखालची हरळी पिवळी पडते. आपले पाणी नेमके कुठे सांडते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने कळले नसते. त्या कोपऱ्याला मी जाळी सरळ केली.

फवारणीला येणारे मामा हा सर्वांत नाजूक विषय होता. ते वीस वर्षे हे काम करतात आणि सुट्टी होताना पंप ओढ्यात बुचकळून दोनदा हलवतात. मी त्यांना पाणी, मासे, आयएस १०५०० असे सगळे सांगून पाहिले. त्यांनी मान हलवली आणि ओढ्यावर गेले. नंतर लक्षात आले की त्यांची मजुरी पंपावर आहे. जितके पंप तितके पैसे, धुण्याचे काहीच नाही. तेव्हा त्यांच्या दृष्टीने पंधरा मिनिटे धुणे म्हणजे पंधरा मिनिटांची मजुरी बुडवणे. मी दिवसाला एक पंप जास्तीचा धरायचे कबूल केले, तो धुण्याचा. त्या दिवसापासून ते थोडे थोडे पाणी घेऊन शेतातच तीन वेळा पंप विसळतात, ते पाणी शेवटच्या सरीवर मारतात आणि बाहेरून धुवायला जाळीवर येतात. इतर शेतकऱ्यांच्या रानातून मात्र ते अजून ओढ्यावरच जातात, कारण तिथे तो पंप धरलेला नाही.

ओढ्याच्या काठाला मी दहा फूट पट्टा सोडला आणि त्यात हत्तीगवत लावले. पहिल्या पावसात शेतातून वाहणारी माती, आणि तिला चिकटलेले औषध, त्या गवतात अडते. म्हशींना वैरण होते असे मी म्हटले, पण तिथे दोन सऱ्या ऊस जात होता, आणि आबांनी त्या दोन सऱ्यांचे टन मला दोन वर्षे ऐकवले. अजूनही कारखान्याची बिले आली की विषय निघतो.

जे जमले नाही ते रिकाम्या बाटल्यांचे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकाम्या वेष्टनांची आणि धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट अशी लावावी की पाणी आणि परिसर दूषित होणार नाही, वेष्टने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून लांब पुरावीत, असे लिहिलेले आहे. आमच्या रानात कुठेही चार फूट खणले की पावसाळ्यात पाणी लागते; तिथे पुरायचे म्हणजे विहिरीच्याच झऱ्याला देण्यासारखे आहे. जाळल्या तर त्याचा धूर विषारी. भंगारवाल्याला दिल्या तर पुढे त्यात कोण काय भरील सांगता येत नाही. ज्या दुकानातून औषध घेतो तिथे परत घ्याल का म्हणून विचारले, तर दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, भरलेल्या ठेवायला जागा न्हाई, रिकाम्या कुठं ठेवू?" तेव्हा तीनदा विसळून, खिळ्याने बुडाला भोके पाडून, टोपणे वेगळी काढून मी त्या एका पोत्यात भरतो आणि पोते नव्या छपराच्या तुळईला टांगलेले आहे, पुराच्या खुणेच्या वर. परवा मोजल्या तेव्हा एकेचाळीस झाल्या होत्या. दुसरे पोते आणून ठेवले आहे.